पहिल्या एकांकिकेची प्रकाशयोजना: तालमीतल्या वहीपासून शेवटच्या ब्लॅकआउटपर्यंत

कॉलेजच्या ग्रुपमध्ये ‘लाइट कोण करणार?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी निघतो. ज्याला भूमिका मिळाली नाही त्याच्याकडे बोट दाखवलं जातं आणि प्रयोगाला आठ दिवस उरलेले असताना त्याच्या हातात संहिता पडते. मग तो सगळ्यात आधी काय ठरवतो? रंग. दुःखाला निळा, रागाला लाल, आठवणीला पिवळसर. प्रयोगाच्या दिवशी रंगमंच छान दिसतो, फक्त नटांचे डोळे दिसत नाहीत, आणि परीक्षकांच्या कागदावर ‘प्रकाशयोजना भडक’ असा शेरा येतो.

या लेखात रंग जवळजवळ शेवटी येतो, ते मुद्दामच. आधी तालीम, मग हॉल, वीज, कोन, क्यू (उजेड बदलण्याचे ठरलेले क्षण) आणि त्यानंतर रंग, हा क्रम धरलात तर आठ-दहा दिव्यांतही एकांकिका नीट उजळते. उदाहरणं चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या स्पर्धेतल्या एकांकिकेची घेतली आहेत. बहुतेकांची सुरुवात तिथेच होते.

तालमीत बसा, पण दिग्दर्शकाशेजारी नको

प्रयोगाच्या किमान बारा-पंधरा दिवस आधीपासून तालमीला जा. पहिल्या दोन तालमी काहीही न लिहिता बघा. तिसऱ्या तालमीपासून संहितेची स्वतःची वेगळी प्रत घ्या: एकाच बाजूला छापलेली, उजवीकडे तीन बोटं समास सोडलेली. समोरची कोरी बाजू रंगमंचाच्या छोट्या नकाशांसाठी ठेवा. लिहायचं ते पेन्सिलीने, कारण तालमीत हालचाली बदलतात आणि पेनाने लिहिलेल्या वहीचा आठवड्याभरात चिखल होतो.

नोंदवायच्या गोष्टी तीनच. कोण कुठे उभं आहे, किती वेळ आहे, आणि तिथे चेहरा दिसणं गरजेचं आहे की नुसती आकृती पुरेल. तिसरी गोष्ट दिग्दर्शकाला विचारावी लागते आणि बहुतेक वेळा त्यानेही तिचा विचार केलेला नसतो. ‘इथे मूड हवा’ असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न टाका: वेळ कोणती, उजेड कुठून येतो, आणि या वाक्यानंतर तो बदलतो का? खिडकी, दार, कंदील, ट्यूब, रस्त्यावरचा दिवा, काहीतरी मूळ सापडलं की निम्मी प्रकाशयोजना तिथेच ठरते.

डावं-उजवं नटाच्या बाजूने धरा. लेफ्ट म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचा डावा हात. हे एकदा सगळ्यांनी मिळून मान्य करून घ्या, नाहीतर फोकसच्या (दिवे नेमक्या जागी रोखण्याच्या) वेळी अर्धा तास यातच जातो.

हॉल बघून या

जमलं तर प्रयोगाच्या आधी एकदा हॉलवर जा. सोबत टेप, वही, मोबाइल. पुण्यातल्या भरत नाट्य मंदिरासारखं जुनं नाट्यगृह आणि सुदर्शन रंगमंचासारखी लहान, जवळून बघायची जागा यांत दिव्यांची उंची, अंतर आणि प्रेक्षकांची नजर सगळंच वेगळं असतं. एका ठिकाणी बसलेली योजना दुसरीकडे जशीच्या तशी बसत नाही.

मोजायचं ते असं: रंगमंचाची मोकळी रुंदी, विंगांच्या (बाजूच्या आडोशांच्या) आतल्या कडेपासून, खोली, दिवे टांगायच्या पाइपांची रंगमंचापासूनची उंची, आणि प्रेक्षागृहातला समोरचा पाइप रंगमंचाच्या कडेपासून किती लांब आहे ते. शिवाय तिथे कोणते दिवे आहेत, किती चालू आहेत, आणि ते चालवायचा बोर्ड कोणता. ‘चाळीस दिवे आहेत’ हे उत्तर धरून चालू नका. ‘आज किती लागतात?’ असं विचारा. हॉलच्या लाइटवाल्या दादांशी पहिल्याच भेटीत नीट बोला. कोणता चॅनल (दिव्याची लाइन) थरथरतो, कोणत्या सॉकेटला हात लावायचा नाही, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसतं. ते फक्त त्यांना माहीत असतं.

घरी येऊन आलेख कागदावर अर्धा इंच म्हणजे एक फूट या प्रमाणात रंगमंच काढा. सेट त्यावरच मांडा. खुर्ची नुसती ‘डावीकडे’ असून चालत नाही, ती अमुक फुटांवर आहे हे लिहा.

विजेचं गणित

हे कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. १००० वॅटचा हॅलोजन दिवा २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर ओढतो. १६ अँपिअरच्या सॉकेटवर असे तीन दिवे लावले तर १३ अँपिअर झाले. चौथा लावलात की भर प्रवेशात एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारी कळ, पडू शकते. डिमरचा (उजेड कमी-जास्त करणाऱ्या खोक्याचा) एक चॅनल १० अँपिअरचा असेल तर त्यावर १००० वॅटचे दोनच दिवे. सहा चॅनलचा असा डिमर पूर्ण भरला तर १२ किलोवॅट होतात, म्हणजे ५२ अँपिअर. शाळेच्या सभागृहातल्या पंख्याशेजारच्या सॉकेटवरून ते होणार नाही. थ्री फेजची लाइन लागते आणि ती जोडायचं काम इलेक्ट्रिशियनचंच.

एलईडी पारकॅन दीडशे-दोनशे वॅटच्या आत असतो, त्यामुळे तिथे भार हा प्रश्नच उरत नाही. पण एलईडी कधीही डिमरच्या चॅनलवर लावायचा नाही. त्याला सरळ, अखंड वीज लागते. डिमरवर लावला तर तो लुकलुकतो आणि आतला सर्किट बोर्ड जातो.

घरगुती एक्स्टेंशन बोर्ड हॅलोजनसाठी वापरू नका. १६ अँपिअरसाठी २.५ चौरस मिमीची वायर हवी. वायर लांब असेल तर उरलेली गुंडाळी पूर्ण उलगडून ठेवा. भार असताना गुंडाळलेली वायर तापून वितळते. आणि साउंडचा प्लग डिमरच्या लाइनवर नको. फेडर (बोर्डावरची सरकती कळ) अर्ध्यावर आला की स्पीकरमधून जी ‘घूं’ येते ती बऱ्याचदा इथूनच आलेली असते. साउंडची आणि लाइटची वायर एकमेकींना समांतर नेऊ नका, ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा.

कोणता दिवा कशाला

पारकॅन: डब्यासारखा, पुढे काच, पसारा बदलता येत नाही. त्याची प्रकाशरेषा गोल नसते, लंबगोल असते, आणि डब्याच्या मागून दिवा फिरवला की तो लंबगोल आडवा-उभा होतो. नवख्यांना हे कुणी सांगत नाही, आणि मग ‘मधेच काळोख का पडतोय’ म्हणून ते अख्खा दिवा हलवत बसतात. १००० वॅटच्या पार ६४ मध्ये सीपी ६० अरुंद, सीपी ६१ त्याहून थोडा रुंद, सीपी ६२ मध्यम पसरट. बॅकलाइटला (नटाच्या मागून येणाऱ्या उजेडाला) ६१, पसरवायला ६२.

फ्रेनेल: काचेवर वर्तुळं असलेला, मऊ कडांचा. दिवा पुढे-मागे सरकवून पसारा कमी-जास्त करता येतो, पुढच्या चार पत्र्यांच्या दारांनी सांडणारा उजेड कापता येतो. एरिया, म्हणजे रंगमंचाचा एकेक तुकडा, भरायला सगळ्यात सोयीचा.

प्रोफाइल: कडा धारदार, आत शटर, हवा तो आकार कापता येतो. समोरच्या लांबच्या पाइपवरून हाच लागतो, कारण फ्रेनेल तिथून पडदा, झालर, पहिली रांग सगळ्यांवर सांडतो. प्रोफाइलवर अंश लिहिलेले असतात आणि त्यावरून वर्तुळ किती मोठं पडेल ते काढता येतं. अंतराला १९ अंशासाठी ०.३३, २६ साठी ०.४६, ३६ साठी ०.६५ आणि ५० साठी ०.९३ ने गुणा. म्हणजे १५ फुटांवरून २६ अंशाचा दिवा सात फुटांचं वर्तुळ देतो, ३६ अंशाचा पावणेदहा फुटांचं. तीस फूट लांबच्या पाइपवरून १९ अंशाचा सुमारे दहा फुटांचं.

एलईडी पार: रंग बदलता येतो म्हणून लाडका. मात्र लाल, हिरवा, निळा एवढ्या तिघांतून केलेला पांढरा चेहऱ्यावर मेलेला दिसतो. समोरून वापरायचाच असेल तर वेगळा पांढरा किंवा अंबर असलेला घ्या. स्वस्त एलईडी हळू मंद करताना शेवटच्या टप्प्यात पायऱ्या-पायऱ्यांनी विझतो; हॅलोजन विझताना लालसर होत जातो. तो लालसरपणा फुकट मिळणारी संध्याकाळ आहे. दोन्ही असतील तर चेहऱ्याला हॅलोजन आणि मागे-बाजूला एलईडी, ही वाटणी डोळे झाकून करा.

आधी कोन

चेहरा नीट दिसण्याचा जुना, भरवशाचा कोन: वरून ४५ अंश आणि दोन्ही बाजूंनी ४५ अंश. सरळ समोरून आलेला उजेड चेहरा सपाट करतो, पासपोर्टच्या फोटोसारखा. बरोबर डोक्यावरून आलेला डोळ्यांच्या खोबणीत काळोख भरतो आणि नाकाखाली मिशी काढतो.

४५ अंश मोजायचे कसे? पाइप रंगमंचापासून १६ फुटांवर असेल आणि नटाचा चेहरा साडेपाच फुटांवर, तर फरक साडेदहा फूट. दिवा नटाच्या साडेदहा फूट पुढे टांगला की ४५ अंश झाले. पाइप पुढे-मागे हलत नसेल तर ३५ ते ५५ अंशांपर्यंत चालतं. त्याच्या वर गेलात की डोळे हरवतात, खाली आलात की मागच्या भिंतीवर नटाची उंच सावली चढते.

रंगमंच २४ फूट रुंद आणि १८ फूट खोल धरला तर पुढे तीन, मागे तीन असे सहा एरिया होतात, प्रत्येकी आठ बाय नऊ फुटांचा. प्रत्येकाला डावी-उजवीकडून एकेक म्हणजे बारा दिवे, मागून तीन बॅकलाइट, वर दोन-तीन स्पेशल, म्हणजे एकाच जागेसाठी किंवा क्षणासाठी राखलेले दिवे. आदर्श आकडा हा. हातात येतात आठ-दहा.

दहाच असतील तर पुढच्या तीन एरियांना दोन-दोन, मागच्या तिघांना मिळून समोरून एक पसरट, दोन बॅकलाइट, एक स्पेशल. आठ असतील तर मागचे एरिया सोडून द्या आणि दिग्दर्शकाला स्पष्ट सांगा की महत्त्वाचे संवाद पुढच्या नऊ फुटांत आणा. हे आधी सांगितलं तर तो हालचाली बदलतो. रंगीत तालमीत सांगितलं तर भांडतो. बॅकलाइट मात्र कापू नका. केसांवर, खांद्यांवर पडणारी ती रेघ नटाला मागच्या काळ्या पडद्यापासून सुटा करते. समोरचा एक दिवा कमी चालेल.

शेजारच्या एरियांचे दिवे एकमेकांवर दोनेक फूट चढलेच पाहिजेत. नाहीतर नट चालत जाताना मधे त्याचं तोंड काळं पडतं, आणि नेमकं ते विनोदाच्या वाक्यावर पडतं.

टांगणं आणि फोकस

पाना, टेस्टर, इन्सुलेशन टेप, कात्री, जाड हातमोजे, ग्लो टेप (अंधारात चमकणारी), काळं फॉइल, बारीक तार. एवढं स्वतःच्या पिशवीत असू द्या. शिडीवर चढताना पाना दोरीने मनगटाला बांधा. वरून पडलेला पाना ही चेष्टा नाही. शिडीखाली एक माणूस कायम, त्याला दुसरं काम देऊ नका. प्रत्येक दिव्याला क्लँपशिवाय सेफ्टी चेन. हॅलोजनचा बल्ब उघड्या बोटांनी धरू नका. बोटाचं तेल काचेवर राहतं, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब फुगून फुटतो. चुकून हात लागला तर स्पिरिटच्या फडक्याने पुसा.

फोकस करताना खाली माणूस उभा पाहिजे. मोकळ्या जमिनीवर वर्तुळ बघून फोकस केलेला दिवा हमखास चुकतो, कारण आपल्याला जमीन उजळायची नसते, साडेपाच फुटांवरचा चेहरा उजळायचा असतो. जमिनीवरचं वर्तुळ त्याच्या बरंच मागे पडतं. उभ्या माणसाने डोळे मिटून, चेहऱ्यावर सगळ्यात जास्त उष्णता कुठे लागते ते शोधायचं. ती जागा त्याला जिथे उभं राहायचं आहे तिथे आणायची. एका वेळी एकच दिवा चालू. नटांमध्ये सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटका कोण, ते लक्षात ठेवा आणि दोघांनाही एकदा उभं करा.

फोकस झाला की दिव्यांचे नट-बोल्ट घट्ट. त्यानंतर नेपथ्यवाल्यांनी पाइप हलवला तर पुन्हा सगळं. त्यामुळे आधी सेट, मग फोकस.

डीएमएक्सवर, म्हणजे बोर्डाकडून वायरीने आलेल्या आकड्यांवर चालणारे, दिवे असतील तर प्रत्येकाचा पत्ता (सुरुवातीचा चॅनल नंबर) कागदावर लिहा. आठ चॅनलचे एलईडी असतील तर पहिला १, दुसरा ९, तिसरा १७, चौथा २५. दोन दिवे एकसारखे नाचत असतील तर दोघांचा पत्ता एकच आहे. एकामागोमाग एक अशी साखळी करा, मधूनच दोन फाटे काढू नका, आणि एका साखळीत बत्तीसपेक्षा जास्त नको. शेवटच्या दिव्यात १२० ओमचा टर्मिनेटर (साखळी बंद करणारा प्लग) लावा. माइकची वायर तशीच दिसते, लागतेही, पण ती लावली की नेमके प्रयोगात दिवे लुकलुकायला लागतात. डीएमएक्सची वायर वेगळी ठेवा, तिला रंगीत टेप लावा.

क्यू

खरं काम इथे आहे. क्यू म्हणजे नुसती उजेडाची पातळी नाही. कधी सुरू होतो आणि किती सेकंदांत पुरा होतो, हे दोन्ही त्यात आलं. पंचेचाळीस मिनिटांना पंचवीस-तीस क्यू पुष्कळ झाले. साठ क्यू केलेली पहिली प्रकाशयोजना नटापेक्षा जास्त बोलते.

उदाहरण घेऊ. रात्र, चाळीतली खोली. वीज जाते. आजी चाचपडत देवघराशी जाते, काडी ओढते, निरंजन लावते आणि नातवाशी बोलायला लागते. चार क्यू.

क्यू ७, वीज जाते: शून्य सेकंद. सगळं बंद, पण खिडकीचा दिवा १५ टक्क्यांवर राहतो. तो आधीच्या क्यूपासून तिथे असतोच, भर उजेडात दिसत नव्हता इतकंच. पूर्ण काळोख केलात तर प्रेक्षकांना वाटतं प्रवेश संपला, आणि कुणीतरी टाळी वाजवतं.

क्यू ८, काही न करता: सात लागल्यावर दोन सेकंदांनी, आठ सेकंदांत खिडकी १५ वरून २५. कुणाच्या लक्षात येत नाही. लोकांना वाटतं आपले डोळे सरावले.

क्यू ९, काडी पेटते: अर्ध्या सेकंदात देवघराचा स्पेशल शून्यावरून २०. हा क्यू काडी ओढण्याच्या आवाजावर द्यायचा नाही, आजीच्या हालचालीवरही नाही. ज्योत दिसली की द्यायचा. पहिली काडी विझते, दमट असते, नटीचा हात कापत असतो. उजेड आधी आणि काडी नंतर झाली की सगळं प्रेक्षागृह हसतं, आणि त्या हसण्यातून प्रवेश परत वर येत नाही. ऑपरेटरने इथे संहितेत बघायचं नाही, हाताकडे बघायचं.

क्यू १०, वात धरते: तीन सेकंदांत २० वरून ४५, सोबत आजी-नातवाच्या एरियाचा एक दिवा १० पर्यंत. हा दहाचा दिवा निरंजनाचा नाही; तो प्रेक्षकांसाठी आहे, नाहीतर शेवटच्या रांगेला दहा मिनिटं नुसता आवाज ऐकू येतो.

हा स्पेशल कुठे लावायचा, तेही बघा. ज्योत छातीखाली आहे, म्हणजे उजेड खालून यायला हवा. वरच्या पाइपवरून दिला तर निरंजन आणि उजेड यांचा काही संबंध लागत नाही. विंगेत गुडघ्याएवढ्या उंचीवर लहान दिवा ठेवा. मग मागच्या भिंतीवर आजीची मोठी सावली पडेल. ती ठेवण्यासारखी आहे, फक्त नातवाच्या तोंडावर पडत नाही ना ते तपासा. विंगेतून धावणारे नट त्या दिव्याला ठेचकाळतात, म्हणून त्याच्याभोवती ग्लो टेप. खऱ्या ज्योतीला पुष्कळ हॉलमध्ये परवानगी नसते. आधी विचारा, नसेल तर एलईडीची वात. असेल तर विंगेत वाळूची बादली आणि तिच्याजवळ एक माणूस.

प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी ‘अंगार’ या बंगाली नाटकात कोळशाच्या खाणीत चढणाऱ्या पाण्याचा आभास प्रकाशातून उभा केला, त्याबद्दल आजही बोललं जातं. नवख्यांना त्यात चमत्कार दिसतो. पण असले परिणाम उभे राहतात ते वर लिहिलं त्याच गोष्टींवर: उजेड कुठून, किती, आणि कोणत्या क्षणी.

संहितेत क्यू लिहिताना ज्या शब्दावर द्यायचा त्या शब्दाभोवती चौकट करा आणि चार-पाच ओळी आधी ‘तयार’ असं लिहा. शब्द वाक्याच्या शेवटचा निवडू नका. नट शेवटचे शब्द गाळतात. दिवस मावळायचा असेल तर तीन-चार मिनिटं घ्या. रात्रीची सकाळ तीस सेकंदांत झाली तर ती सकाळ नव्हे, बटण होतं.

बोर्ड दोन प्रीसेटचा (फेडरच्या दोन रांगांचा), हाताने चालवायचा असेल तर आणखी एक मर्यादा येते. एक प्रीसेट चालू असताना दुसऱ्यावर पुढचा क्यू मांडून ठेवायचा असतो. आठ फेडर नीट लावायला सवयीच्या हातालाही आठ-दहा सेकंद लागतात. म्हणून लागोपाठचे क्यू तेवढ्या अंतराने ठेवा, किंवा दुसऱ्या क्यूत दोनच फेडर हलतील असं करा. फेडरखाली पांढरी टेप चिकटवून त्यावर आकडे नाही, नावं लिहा: ‘खिडकी’, ‘देवघर’, ‘पुढे डावं’. अंधारात घाबरलेल्या माणसाला ‘चॅनल १४’ काहीही सांगत नाही. हॅलोजन पहिल्यांदा चालू करण्याआधी चार-पाच टक्क्यांवर थोडा वेळ ठेवा. थंड फिलामेंटला एकदम पूर्ण वीज दिली की ती तुटते.

ब्लॅकआउट तीन-चार सेकंदांपेक्षा लांबवू नका. त्यात टेबल हलवायचं असेल तर ते उचलणारे दोघं तालमीत दिवे बंद करून दहा वेळा उचलू देत. टेबलाच्या पायांच्या जागी, पायऱ्यांच्या कडेला, विंगेच्या टोकाला ग्लो टेपचे बोटभर तुकडे लावा आणि प्रयोगाआधी त्यांच्यावर उजेड पडू द्या, नाहीतर ते चमकत नाहीत.

आता रंग

कोन, पातळी आणि क्यू बिनरंगाचे चालले, की मग दिव्यापुढे जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, घाला. बऱ्याचदा लक्षात येतं की लागणार होतं त्याच्या निम्मंच लागतंय.

एका बाजूने किंचित उबदार, दुसऱ्या बाजूने किंचित थंड, ही जुनी युक्ती अजूनही कामाची आहे. ली कंपनीच्या जिलेटिनच्या नंबरांत १५२ किंवा १०३ एका बाजूला, २०२ दुसऱ्या बाजूला. चेहऱ्याला मग गोलाई येते. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर ११७ सारखा हिरवट निळा समोरून टाकलात तर नट आजारी दिसतो. तो मागून किंवा बाजूने द्या. रात्र दाखवायला सगळं निळं करू नका. थोडा निळा बॅकलाइट आणि समोरून अगदी कमी पांढरा, एवढ्यात रात्र होते आणि डोळेही दिसतात.

गडद जिलेटिन उजेड खाऊन टाकतं. १८१ सारख्या गर्द निळ्यातून जवळजवळ काहीच बाहेर येत नाही, शोषलेली उष्णता कागदातच राहते, आणि तासाभरात मधोमध फिकट डाग पडून तो भाजतो. जास्तीचे तुकडे कापून ठेवा. हळदीकुंकवाच्या दुकानातला रंगीत जिलेटिन पेपर हॅलोजनपुढे लावणं म्हणजे आग लावणं.

कपडे आणि सेट रंगाखाली बघून घ्या. हिरवा शालू लाल उजेडात काळा पडतो. पांढरं धोतर समोरच्या दिव्यात इतकं पेटतं की वरचा चेहरा मंद वाटतो. कपडेपटाला सांगून ते चहाच्या पाण्यात बुडवून घ्या. सेटच्या पांढऱ्या भिंतीवरून उसळलेला उजेड तुमचा ब्लॅकआउट खातो. फोटोच्या तसबिरीची काच काढून टाका, नाहीतर ती नेमकी परीक्षकांच्या डोळ्यांत चमकेल. चष्मा लावणाऱ्या नटाला वेगळं बघा: हनुवटी अर्धा इंच खाली, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

रंगीत तालीम आणि स्पर्धेचा दिवस

रंगीत तालमीआधी नटांशिवाय एकदा क्यू टू क्यू करा: फक्त क्यूच्या आधीची दोन वाक्यं, क्यू, पुढचं एक वाक्य, आणि पुढच्या क्यूवर उडी. नटांच्या जागी बॅकस्टेजची मुलं उभी करा. पंचवीस क्यूंना दीड तास धरा. मग नटांना घेऊन पुन्हा. नटांना एकच गोष्ट शिकवा: ‘दिवा डोळ्यांत लागतोय’ ही तक्रार नसून बरोबर उभे असल्याची खूण आहे.

स्पर्धेत मांडणीला थोडाच वेळ मिळतो. नियमपत्रकात मिनिटं लिहिलेली असतात, आणि ती सेट, लाइट, साउंड सगळ्यांची मिळून. आपले दिवे आणायला परवानगी आहे का, स्मोक चालतो का, हॉलचा ‘जनरल’, म्हणजे सगळा रंगमंच उजळणारा नेहमीचा उजेड, कोणता, हे आधीच विचारून ठेवा. कॉलेजांच्या पुरुषोत्तम करंडकापासून गावातल्या छोट्या स्पर्धेपर्यंत सगळीकडे आधीची टीम उतरत असताना तुम्ही चढणार, हे धरून कामं वाटा. एक माणूस शिडीवर, एक खाली उभा राहायला, एक बोर्डवर. स्पेशल तीनपेक्षा जास्त असतील तर वेळेत होणार नाहीत. सवाईसारखी एकांकिका स्पर्धा रात्रभर चालते. पहाटेच्या प्रयोगाला ऑपरेटरचे डोळे थकलेले असतात, तेव्हा क्यूच्या कागदावरची अक्षरं मोठी हवीत आणि वाचायचा दिवा लहान, लाल किंवा निळा.

बोर्डमध्ये क्यू साठवले असतील तर दोन पेनड्राइव्हवर प्रत ठेवा आणि तरीही कागदावर लिहिलेलं शीट जवळ असू द्या. बोर्ड बंद पडला तर जनरल उजेड हाताने वर घ्या आणि प्रयोग चालू ठेवा. बल्ब उडाला तर शेजारचा एरिया दहा-पंधरा टक्के वाढवा, हळूच. नट पट्टीचा असेल तर तो स्वतःच उजेडात सरकतो. एखादा क्यू चुकून आधी गेला तर झटक्याने मागे ओढू नका. पाच सेकंदांत परत आणलात तर निम्म्या लोकांना तो ठरवलेला वाटतो.

प्रयोग संपल्यावर हॅलोजन गरम असताना हलवू नका, पंधरा मिनिटं थांबा. तापलेली फिलामेंट धक्क्याने तुटते. तेवढ्यात वायरी गुंडाळा, कोपरावर न पिळता सैल वेटोळ्यांत, प्लग आत ठेवून. जिलेटिनच्या तुकड्यांवर नंबर पेन्सिलीने लिहून पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये घाला. ज्या दिव्याने त्रास दिला त्याला टेप लावून त्यावर काय बिघडलं ते लिहा आणि लाइटवाल्या दादांच्या हातात द्या. पुढच्या वेळी त्याच हॉलवर आलात, तर पहिल्या मिनिटाला दादा कपाटातून चांगला दिवा काढून देतात की नाही, ते यावर ठरतं.